‘काऊन?’ : वर्गातील प्रश्न आणि मुलांची गोडी



शाळाभेटीच्या निमित्ताने वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. बहुतेक ठिकाणी वर्ग स्वच्छ असतो, फळ्यावर तारीख व सुविचार लिहिलेला असतो, टाचणवही पूर्ण असते. पाठ संपत आला म्हणजे गुरुजी अथवा बाई विचारतात, ‘समजले का?’ आणि सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो, ‘हो ऽऽ’. या ‘हो’काराने शिक्षकाचे समाधान होते; पण त्याच वर्गातील एखाद्या मुलाला जवळ बोलावून ‘काय समजले ते सांग पाहू’ असे म्हटले, तर तो खाली मान घालून उभा राहतो. थोडक्यात, वर्ग शांत आहे, शिस्त आहे, पाठही झाला आहे. परंतु शिक्षण झाले की नाही, हे मात्र कळत नाही.

मुलांना अभ्यासाची गोडी कशी लागेल, हा प्रश्न शिक्षण परिषदेत अनेकदा निघतो. त्यावर गाणी, खेळ, रंगीत तक्ते, हल्ली मोबाईलवरील चित्रफिती असे उपाय सुचविले जातात. हे सर्व उपयुक्तच आहे. परंतु करमणूक आणि गोडी या दोन गोष्टी एक नव्हेत. करमणूक बाहेरून येते व खेळ संपला की संपते. गोडी आतून उपजते. आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहिला म्हणजेच ती उपजते. आपल्या वऱ्हाडातील मूल शाळेत येण्यापूर्वी दिवसातून शंभर वेळा ‘काऊन?’ असे विचारीत असते. तेच मूल तिसरी-चौथीत पोचेपर्यंत मुके का होते, याचा विचार आपण शिक्षकांनी करावयास हवा. प्रस्तुत लेखात त्याच एका मुद्द्याचे, म्हणजे वर्गातील प्रश्नांचे, विवेचन करावयाचे योजिले आहे.

आपल्याच मातीतील एक थोर प्रश्नकर्ता

प्रश्नोत्तर पद्धतीची चर्चा निघाली की अध्यापन विद्यालयात आपण सॉक्रेटिसाचे नाव वाचलेले आठवते. त्याची थोरवी मान्य करूनही मी असे म्हणेन की, या पद्धतीचा उत्तम आदर्श पाहण्यासाठी वऱ्हाडाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे आजोळी गुरे राखण्यात व शेतीच्या कामात गेले. असे असता दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री ते कीर्तनाला उभे राहत, तेव्हा हजारो निरक्षर माणसे तासन्‌तास खिळून बसत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या कीर्तनाची रीत आजही प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे.

ती रीत काय होती? बाबा उपदेशाने आरंभ करीत नसत, प्रश्नाने करीत. पहिला प्रश्न असा असे की, त्याचे उत्तर सभेतील प्रत्येकाला ठाऊक असावे. लोक मोठ्याने उत्तर देत. त्या उत्तराला धरून दुसरा प्रश्न, त्याला धरून तिसरा. कर्ज काढून सण करणे, नवसाला बकरे मारणे, दारू, शिवाशीव यांतील खोटेपणा बाबांनी सांगण्यापूर्वीच श्रोत्यांच्या तोंडून बाहेर पडे. स्वतः उच्चारलेले उत्तर माणसाला नाकारता येत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते. भाषा म्हणावी तर शेतातली, दाखले म्हणावेत तर गोठ्यातले व चुलीपाशीचे.

यातून शिक्षकाने घ्यावयाचे धडे चार:

(१) पहिला प्रश्न सर्वांना येईल असाच असावा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र आपण टाचणवहीत लिहितो. बाबा ते आचरीत.
(२) प्रश्नांची साखळी असावी. सुटा प्रश्न परीक्षा घेतो, साखळी शिकविते.
(३) निष्कर्ष शिक्षकाने न सांगता मुलांच्या तोंडून यावा.
(४) उत्तर देणाऱ्याची भाषा कोणतीही असो, त्याचा मान राखला जावा.

यांपैकी चौथा धडा मला फार उशिरा उमजला. तो कसा, हे सांगणे भाग आहे.

एक चूक

नोकरीचे माझे तिसरे वर्ष असावे. चौथीच्या वर्गात बाष्पीभवनाचा पाठ चालू होता. ‘ओले कपडे उन्हात का वाळतात?’ असे मी विचारले. एरवी गप्प असणारा एक मुलगा चटकन उठला आणि म्हणाला, ‘ऊन पानी पिऊन घेते, गुरुजी.’ मी म्हणालो, ‘पानी नव्हे, पाणी. आधी नीट बोलायला शीक.’ वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला आणि त्यानंतर त्याने त्या वर्गात एकदाही हात वर केला नाही. पुढे कापसाच्या वेचणीचे दिवस आले, तो घरच्यांबरोबर शेतात जाऊ लागला आणि दिवाळीनंतर परत आलाच नाही. माझ्या त्या एका वाक्यामुळेच त्याची शाळा सुटली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. घरची ओढाताण होतीच. परंतु शाळेकडे परत ओढणारा एखादा धागा असेल, तर तो मी तोडला होता, एवढे निश्चित.

काही वर्षांनी तो मला आठवडी बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला, ‘सकायी वेचलेला कापूस वजनाले जड भरते, गुरुजी. दव रायते ना त्यात. दुपारपर्यंत ऊन पिऊन घेते ते.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. परंतु त्या दिवशीच्या पाठाचे संपूर्ण उद्दिष्ट त्या मुलाने पहिल्याच वाक्यात गाठले होते, आणि मी मात्र ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेदात अडकून राहिलो होतो, हे मला त्या बाजारात कळले.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

प्रमाण मराठी शिकविणे हे आपले कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. मुलाचा विचार आधी स्वीकारावा, भाषा नंतर घडवावी. त्या मुलाला मी असे म्हणावयास हवे होते: ‘शाबास! ऊन पाणी पिते. मग प्यालेले पाणी जाते कुठे?’ माझ्या वाक्यात ‘पाणी’ हा शब्द शुद्ध रूपात आलाच असता, आणि मुलगा पुढच्या प्रश्नाकडे वळला असता.

यासाठी एक सोपी युक्ती अनेक शाळांत उपयोगी पडलेली मी पाहिली आहे. फळ्याच्या एका कडेला दोन रकाने कायमचे आखून ठेवावेत: ‘घरची बोली’ आणि ‘पुस्तकाची भाषा’. मुलांच्या बोलण्यात ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘कायले’ असे शब्द आले की पहिल्या रकान्यात लिहावेत आणि समोरच्या रकान्यात ‘मला’, ‘तुला’, ‘का’, ‘कशाला’ हे शब्द मुलांकडूनच भरून घ्यावेत. येथे चूक आणि बरोबर असा भेद नाही. घरचे कपडे व सणाचे कपडे असावेत, तसा हा प्रकार आहे.

वऱ्हाडी बोलीविषयी संकोच बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. चक्रधरस्वामींनी पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या मराठीत, दृष्टांत देऊन, आपले तत्त्वज्ञान सांगितले. जेथे हे घडले, तेथे आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत प्रश्न याहून अवघड आहे. तेथील अनेक मुलांची मातृभाषा कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. तिचे मराठीशी नाते नाही. म्हणून पहिलीतील कोरकू मुलाचे मौन हे अज्ञानाचे लक्षण समजू नये. शिक्षकाने निदान नित्याचे पन्नास-साठ कोरकू शब्द मुलांकडूनच शिकून घ्यावेत. मुलाला शिकविणारा शिक्षक त्याने रोज पाहिला आहे. त्याच्याकडून शिकणारा शिक्षक दिसला, तर त्याचे ओठ लवकर उघडतात. मातृभाषेचा आधार घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुकूलता दर्शविली आहे.

थांबणे

प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो? अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून याची मोजदाद केली व १९७० नंतरच्या दशकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात अथवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हाच अवधी तीन सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक झाली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. उत्तर आल्यानंतरही असेच क्षणभर थांबल्यास मूल आपल्या उत्तरात आणखी भर घालते, असेही दिसून आले.

या सुधारणेला एक पैसा खर्च येत नाही. प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. आरंभी ही शांतता शिक्षकालाच जड जाते. पण विचार करावयास वेळ मिळतो, अशी मुलांची एकदा खात्री पटली म्हणजे मागच्या रांगेतील हातही वर येऊ लागतात.

तीन नमुना पाठ

*गणित.* कापसाच्या दिवसांत वर्गात दहा-वीस उमललेली बोंडे आणावीत. पहिलीच्या मुलांनी बोंडे मोजावीत. दुसरीच्या मुलांनी प्रत्येक बोंडाचे कप्पे मोजून बेरीज करावी. तीन कप्प्यांची, चार कप्प्यांची व पाच कप्प्यांची बोंडे किती, याचा तक्ता तिसरीने तयार करावा. चौथीला विचारावे: ‘आई दिवसाला ३८ किलो कापूस वेचते. एक क्विंटल कितव्या दिवशी भरेल?’ दोन दिवसांचे ७६ किलो होतात, तीन दिवसांचे ११४. तिसऱ्या दिवशी क्विंटल भरून १४ किलो उरतात. येथे थांबू नये. ‘वेचणी किलोला १० रुपये धरली, तर तीन दिवसांची मजुरी किती?’ असे विचारावे. ११४० रुपये हे उत्तर आले की, ‘हा हिशेब घरी कोण करते?’ असे विचारावे. ज्या मुलाने आईचा हिशेब एकदा तपासला, त्याला गुणाकार कशासाठी शिकावयाचा हे पुन्हा सांगावे लागत नाही. शिवाय एकाच साहित्यावर चारही इयत्तांचे काम चालल्यामुळे दोन शिक्षकी शाळेतील बहुवर्ग अध्यापनाचा भार पुष्कळ हलका होतो.

*परिसर अभ्यास.* पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतील मुलांनी विहिरीचे खारे पाणी चाखलेलेच असते. प्रश्न विचारावा: ‘समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग आपल्या विहिरीचे पाणी खारे काऊन?’ मुलांचे सारे तर्क फळ्यावर लिहावेत; एकही खोडू नये. मग दोन ताटल्या घ्याव्यात. एकीत विहिरीचे पाणी व दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी ओतून त्या उन्हात ठेवाव्यात. पाणी आटल्यावर पहिल्या ताटलीत पांढरा थर उरतो. ऊन पाणी पिते, पण क्षार पीत नाही, हे मुलेच सांगतील. यानंतर शिक्षकाने माहिती द्यावी की, पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांत क्षार आहेत आणि ते भूमिगत पाण्यात विरघळतात. ही माहिती आधी सांगितली असती, तर ती पाठ झाली असती. प्रश्नानंतर आली म्हणून समजली.

जेथे पाणी गोड आहे, तेथे काळ्या जमिनीच्या भेगा घ्याव्यात. फाल्गुन-चैत्रात शेतात भेगा पडतात. त्यांत तुराटी उभी सोडून खोली मोजावी. विंचू-सर्पाचे भय असल्याने हात घालू देऊ नये. मग काळ्या मातीचा व रेतीचा चिखल दोन झाकणांत भरून वाळू द्यावा. काळी माती आकसून कडा सोडते व फुटते. रेती तशी आकसत नाही. पाण्याने फुगणारी व वाळताना आकसणारी चिकणमाती हे काळ्या जमिनीचे वैशिष्ट्य मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

*इतिहास.* अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसले व इंग्रज यांची लढाई झाली आणि पुढे १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगड घेतला. या दोन तारखा पाठ करून घेण्याऐवजी जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवावा आणि विचारावे: ‘मैदानात हार झाल्यावर सैन्य गाविलगडाकडे का वळले असेल? तेथे पोचण्यास किती दिवस लागले असतील? तोफा डोंगरावर कशा चढविल्या असतील?’ अशा प्रश्नांनी नकाशा, अंतर, डोंगर आणि काळ ही सर्व एकत्र येतात.

चुकीच्या उत्तराचे काय करावे?

चुकीचे उत्तर हे शिक्षकाला मिळालेले सर्वांत मोलाचे साधन आहे. मुलाचा पाय कोठे घसरला, ते तेच दाखविते. ५२ मधून २८ वजा करून मुलगी ३६ असे उत्तर देते, तेव्हा ‘चूक’ असे म्हणून पुढे जाऊ नये. ‘कसे केलेस ते सांग’ असे म्हणावे. ती सांगेल, आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. तिला वजाबाकी येत नाही असे नाही. मोठ्यातून लहान वजा करावयाचे, एवढेच तिने धरून ठेवले आहे. पाच दशकांपैकी एक सोडवून दहा सुटे करण्याची क्रिया काड्यांच्या गठ्ठ्यांनी दाखविली की, २४ हे उत्तर तिला आपोआप सापडते.

भीती असेल तेथे मात्र हे घडत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, मनाई आहे. आणि मूल भयमुक्त राहून आपले मत मोकळेपणाने मांडू शकावे, असे कलम २९ सांगते. छडी आपण बहुतेकांनी सोडली आहे. परंतु हसणे, टोमणा, ‘तुला काय येणार?’ हे शब्द अजून वर्गातून गेलेले नाहीत. छडीचा वळ चार दिवसांत जातो. वर्गाने हसलेले हसू किती काळ राहते, हे मी वर सांगितलेच आहे.

दोन शंका

‘असे प्रश्न विचारीत बसलो, तर अभ्यासक्रम कसा पुरा होईल?’ ही शंका रास्त आहे. प्रत्येक पाठ या रीतीने घ्यावा असे माझे म्हणणे नाही. आठवड्यातून दोन पाठ नीट योजावेत. जे समजून घेतले ते पुन्हा शिकवावे लागत नाही, आणि उजळणीचा वेळ वाचतो, हा अनुभव येईल.

‘वेचणीच्या दिवसांत मुलेच येत नाहीत, तेथे गोडी कोणाला लावावी?’ ही दुसरी शंका. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, शाळाच मुलांपाशी नेली. ते आपल्याला जमले नाही, तरी परत आलेल्या मुलाचे स्वागत कसे करावे, हे तर आपल्या हाती आहे. ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे दरडावण्याऐवजी ‘किती किलो वेचलास? रोजचा हिशेब सांग, आपण फळ्यावर मांडू’ असे म्हणावे. त्याची गैरहजेरी हाच त्या दिवशीचा पाठ होऊ द्यावा. शेजारी एक जबाबदार सोबती द्यावा आणि मागे पडलेल्या भागापैकी अत्यावश्यक तेवढाच पंधरा दिवसांत भरून काढावा.

येत्या महिन्यासाठी

प्रत्येक शिक्षकाने पुढील चार गोष्टी करून पाहाव्यात व केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपला अनुभव सांगावा:

(१) ‘समजले का?’ हा प्रश्न महिनाभर विचारू नये. त्याऐवजी ‘काय समजले?’ असे विचारावे.
(२) प्रश्नानंतर पाच अंक मोजून थांबावे.
(३) दिवसभरात एकदाही न बोललेल्या मुलांची नावे शाळा सुटल्यावर टाचणवहीच्या मागील पानावर लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी पहिला सोपा प्रश्न त्यांना विचारावा.
(४) वर्गात एक ‘काऊन-पेटी’ ठेवावी. मुलांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून तीत टाकावेत. लिहिता न येणाऱ्यांचे मोठ्या मुलांनी लिहून द्यावेत. शनिवारी एक चिठ्ठी काढून तिच्यावर वर्गात विचार करावा. उत्तर शिक्षकाला ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि मुलांबरोबर शोधावे. यात कमीपणा नाही.

हजेरीपटावर उपस्थितीची खूण करणे सोपे आहे. परंतु वर्गात बसलेले मूल बोलू लागेपर्यंत ते खऱ्या अर्थाने शाळेत आले असे मानू नये. यापुढील शाळाभेटीत मी मागच्या बाकावर बसेन, तेव्हा एखाद्या मुलाने आपल्याच बोलीत, न भिता, आपल्या गुरुजींना अथवा बाईंना ‘काऊन?’ असे विचारलेले ऐकावयास मिळावे, एवढीच अपेक्षा.